समोरचं भोक

तोफेचा गोळा लागला की लोखंडाला केवढं भोक पडतं, हे अख्ख्या शाळेच्या कमिटीत एकट्या झुलालला ठाऊक होतं. लोकांना वाटतं, पोलादाच्या चिंध्या होत असतील. कसल्या चिंध्या! वाटीने झाकावं एवढं गोल भोक, कडा आत वळलेल्या आणि भोवती रंग उडून उघडं पडलेलं लखलखीत लोखंड. बाहेरून एवढंच दिसतं. आत काय होतं, ते झुलाल कुणाला सांगत नसे.

एकाहत्तरच्या लढाईत तो रणगाड्याचा ड्रायव्हर होता आणि त्याच्याच गावचा दफेदार कौतिक गाडीप्रमुख. समोर दलदल लागली, कौतिकने गाडी वळवायला सांगितलं, झुलालने वळवली, आणि त्याच वेळी बुरुजाला मागून गोळा बसला. बुरुज म्हणजे वरचा फिरता भाग. कौतिक तिथे होता, ड्रायव्हर खाली, पुढच्या बाजूला. म्हणून कौतिक गेला आणि झुलाल पुढे धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये पाने फिरवत राहिला.

एक्याण्णव साली शाळेच्या नव्या सभागृहाला कौतिकचं नाव द्यायचं ठरलं. हेडमास्तर लीलाधर सरांनी झुलालला गाठलं. "नाना, काचेच्या पेटीत ठेवायला त्यांचा रणगाडा करून द्या. अगदी खराखुरा. लढाईतून आलेला वाटला पाहिजे."

खराखुरा म्हटल्यावर झुलालला आणखी काय हवं होतं! फुटाला एक इंच असं माप धरून त्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, चाकांवरच्या पट्ट्यांना सायकलची चेन लावली, तोफेची नळी पाइपच्या तुकड्याची केली. पण खरा जीव ओतला तो जखमांमध्ये. आधी गंजाचा रंग दिला, त्यावर ओलं खडेमीठ भुरभुरवलं, वरून हिरवा रंग मारला आणि वाळल्यावर मीठ घासून काढलं. जिथून मीठ निघालं, तिथे रंगाचे पोपडे उडून गंज उघडा पडल्यासारखा दिसू लागला. जळक्या तेलाच्या ओघळांसाठी केळीचा चीक वापरला, कारण त्याचा डाग जन्मात जात नाही. काजळी कंदिलाची. आणि बुरुजाच्या मागे ते भोक. एकेक कड आत दुमडत चार दिवस तो त्यावरच बसला होता. भोक पुरं झालं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

लीलाधर सर बघायला आले ते कौतिकच्या बायकोला, धुरपदाबाईला घेऊनच. बाईने रणगाड्यावरून हात फिरवला आणि बोट भोकापाशी थांबलं.

"भाऊ, आठे लागना का गोया?"

"हो वहिनी. आम्ही गाडी वळवत होतो."

"पाठमांगे?" बाईचा चेहरा उतरला. "लोके काय म्हनतीन? पयत व्हतात म्हनतीन. वीस वरीस मी मान वर करीसन ऱ्हायनू, भाऊ. तेवढं बुजी टाका." गोळा पाठीत बसला म्हणजे माणूस पळत होता, एवढाच लोकांचा हिशेब असणार होता.

"पुढे घ्या की भोक," सर म्हणाले. जणू खुंटीवरची टोपी या भिंतीवरून त्या भिंतीवर न्यायची होती.

"मग बुरुजाच्या पुढे घेतो," झुलाल नाइलाजाने म्हणाला.

"तिथे नळीवर हार घालणार, भोक झाकून जाईल. खाली घ्या, दर्शनी."

"सर, तिथे ड्रायव्हर बसतो. तिथे मी होतो."

"नाना, धुळ्यात कोणाला कळतंय?"

झुलालने बाईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तो विरघळला. चार दिवसांचं भोक त्याने रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलं, वर हिरवा रंग मारला, आणि ऐन दर्शनी भागात दुसरं पाडलं. हे दुसरं तासाभरात झालं. खोट्याला वेळ कशाला लागतो!

समारंभाला पाहुणे म्हणून सैन्यातले एक निवृत्त कर्नल आले. भाषण होण्याआधी ते पेटीपाशी वाकून बराच वेळ बघत राहिले.

"काय काम आहे! गोळा असाच शिरतो," ते म्हणाले. "बिचारा ड्रायव्हर जागीच गेला असेल."

"नाही साहेब," लीलाधर सर उत्साहाने म्हणाले, "ड्रायव्हर हेच! यांनीच बनवलाय."

कर्नलांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला होता. तो तिथेच थांबला. त्यांनी भोकाकडे पाहिलं, मग झुलालच्या धडधाकट दोन पायांकडे.

"गोळा लागला तेव्हा तुम्ही गाडीत होतात?"

पुढच्या चार रांगांनी माना वळवल्या. सर बुटांकडे बघू लागले. धुरपदाबाई हातभर अंतरावर, शाल पांघरून बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. झुलालने तिच्याकडे पाहिलं. तिने पदर ओठांवर घट्ट दाबून धरला होता आणि डोळे जमिनीत रुतवले होते.

"नव्हतो, साहेब," झुलाल म्हणाला.

कर्नलांनी हात मागे घेतला. मागून कोणीतरी, ऐकू येईल अशा बेताने, "पयी गया व्हता" म्हणालं. ते झुलालने गिळलं असतं. पण त्याच वेळी धुरपदाबाईने, ओझं उतरल्यावर सोडावा तसा, मोठा श्वास सोडला. कौतिकच्या मरणाबद्दल त्याला वीस वर्षांत कोणाचा राग आला नव्हता. त्या श्वासाचा आला, आणि तो पुढे कधी गेला नाही.