कंसातली उंची

आमच्या कारखान्यात पलंग बनतात, पण मी आजतागायत एकाही फळीला रंधा लावलेला नाही. माझं काम कॉम्प्युटरवर एकच पलंग असा काढून ठेवायचं, की झोपणाऱ्याची उंची एका चौकटीत टाकली की तो आपोआप ताणला जावा किंवा आखडावा. खालच्या पट्ट्या वाढाव्यात, स्क्रूची भोकं सरकावीत, पायथ्याची फळी हवी तेवढी मागे जावी. एका बास्केटबॉलवाल्याची उंची टाकली तेव्हा पलंग इतका लांबला, की पायथा स्क्रीनबाहेर येऊन माझ्या चहाच्या कपाला लागला, असं मी सगळ्यांना सांगतो. लोक हसतात. पुढची गोष्ट सांगितली की हसत नाहीत, म्हणून ती मी फारशी सांगत नाही.

या कामात आकड्यांच्या दोनच तऱ्हा, धनी आणि चाकर. धनी आपण टाइप करायचा. चाकर त्याच्यावरून आपोआप निघतो, कंसात दिसतो, आणि त्याला हात लावू म्हटलं तर लावता येत नाही. झोपणाऱ्याची उंची धनी आणि पलंगाची लांबी चाकर, एवढं पाळलं की बाकी सगळं सुखाने चालतं.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले आणि त्यांना मागची चिंचोळी खोली दिली. "अहो, पलंगाबरोबर कपाटही बसेल असं बघा," बायको म्हणाली, "नाहीतर त्यांचे कपडे जन्मभर सुटकेसमध्येच राहतील." म्हणून मी या खेपेला उलट्या टोकाने निघालो. कपाटाची जागा सोडून जी लांबी उरली, तीच पलंगाला देऊन टाकली. सॉफ्टवेअरने लगेच हटकलं, दोघेही धनी कसे चालतील, एकाला कंसात घाला. बायको जेवायला हाका मारत होती. मी उंची कंसात घातली आणि उठलो. उठता उठता स्क्रीनवर एवढं दिसलं, की मापासाठी पलंगावर निजवलेला राखाडी माणूस, ज्याला मी गमतीने 'बाबा' असं नाव दिलं होतं, त्याने अंग किंचित आखडून घेतलं आणि तो बरोबर मावला. मला त्या वेळी हसूच आलं होतं.

पलंग जोडायला कारखान्यातले एक सुतार आले. काडीसारखे आहेत, म्हणून त्यांना सगळे पैलवान म्हणतात. "झोपून बघा काका," ते म्हणाले. बाबा आडवे झाले. डोकं उशाच्या फळीला, टाचा पायथ्याच्या फळीला, मध्ये कागद सरकवायलाही जागा नाही.

"अगदी मापात!" पैलवान खूश झाले.

"छान झालाय रे," बाबा म्हणाले, आणि उठून चहा प्यायला बाहेर गेले. त्यांना दारातून जाताना मी पाहिलं, आणि हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. माझे बाबा उंच होते. कुठल्याही दारातून ते वाकूनच आत यायचे, बसमध्ये मान तिरकी करून उभे राहायचे. आता ते ताठ चालत बाहेर गेले आणि त्यांच्या डोक्यावर चौकटीखाली उजेडाची चांगली रुंद पट्टी उरली.

"वय झालं की माणूस आटतो," बायको म्हणाली. "तुम्हीही आटाल. मग वरच्या फळीवरचे डबे मला काढावे लागतील."

तिचं म्हणणं मी मान्यही केलं असतं. पण आटलेल्या माणसाची पँट लांब पडते, सदऱ्याच्या बाह्या बोटांवर येतात. बाबांचे जुने कपडे, सुटकेसमधून काढून कपाटात लावलेले, त्यांना एकूण एक नीट बसत होते.

मी कोणाला न सांगता मॉडेलमधली लांबी वीतभर वाढवली आणि पैलवानांकडून बाजूच्या लांब फळ्या करून आणून बसवल्या. आता कपाटाचं दार अर्धंच उघडणार म्हणून बायको चिडली. त्या दुपारी बाबा आडवे झाले आणि त्यांच्या टाचा पुन्हा पायथ्याला टेकल्या.

"मग बदललं काय?" तिने विचारलं.

बाबांचा हात चादरीवर पडला होता. मनगटावरचं घड्याळ घसरून कोपराजवळ गेलं होतं. पीठ तेवढंच ठेवून पोळी मोठी लाटली की ती पातळच होते, तसं त्यांचं सगळं अंग पातळ झालं होतं, आणि चेहऱ्यामागून उशीचा पांढरेपणा दिसतोय असं मला उगाच वाटत राहिलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, वजन फार उतरलंय, असंच चालू राहिलं तर कठीण आहे. काय चालू आहे, ते त्यांना कसं सांगणार?

उपाय सरळ होता. उंचीला पुन्हा धनी करायचं, मग बाबा बाबांएवढे राहतील आणि पलंग काय व्हायचा तो होईल. मी कंस काढला. सॉफ्टवेअरने उंचीची चौकट रिकामी करून समोर ठेवली आणि कर्सर लुकलुकत राहिला. किती लिहायचं, ते मला माहीत नव्हतं.

आत्याला फोन केला. "आत्या, बाबांची उंची किती होती गं?"

"होती म्हणजे? आता नाहीये का?"

"आहे गं. पण आधीची हवीय."

"मला तर तो कायम बुटकाच वाटला. धाकटा ना!"

मग भावाला विचारलं. "माझ्याएवढेच होते," तो म्हणाला. "उंचबिंच काही नाही. शाळेत तूच सांगत सुटायचास, आमचे बाबा हात वर करून चालता पंखा थांबवतात म्हणून. पोरं घरी बघायला आली, तेव्हा तू कुठे लपला होतास आठवतंय का?"

मला पंखा आठवत होता, त्याच्या पात्याखालची बाबांची बोटंही आठवत होती. पोरं आलेली मात्र काही केल्या आठवेनात.

शेवटी टेप घेऊन मी मागच्या खोलीत गेलो. बाबा पडल्या पडल्या छताकडे बघत होते. श्वास घेताना त्यांच्या छातीवरची चादर हलत नव्हती म्हटलं तरी चालेल. मी पलंगाच्या कडेला बसलो.

"बाबा, तुमची खरी उंची किती हो?"

त्यांनी मान वळवली. आधी टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपलं काम करून देईल की नाही याचा अंदाज घेत माणूस कचेरीतल्या साहेबाकडे बघतो, तसं ते बराच वेळ बघत राहिले. मग टाचा पायथ्याला नीट टेकवून, चुरगळलेली चादर हाताने सारखी करत, माझ्याशी आयुष्यात कधी बोलले नव्हते इतक्या अजिजीने त्यांनी विचारलं,

"तू किती ठेवायची म्हणतोस?"