डायरेक्ट

“हे डायरेक्ट कोणी केलं?”

माशांच्या टाकीवरचा दिवा काकांच्या मुलाने उलटा करून हातात धरला होता. दिवा म्हणजे हातभर लांबीची पट्टी. ठरल्या वेळी तो लावणारी आणि विझवणारी एक काळी डबी वायरीच्या मध्ये असायची. ती डबी गायब होती आणि तिथे काळ्या टेपचा जोड होता.

खुर्चीत बसलेल्या काकांनी चहाचा कप खाली ठेवला. केलं होतं त्यांनीच, दुसरं कोण करणार! मुलगा आणि सून आठवडाभर सुनेच्या भावाकडे गेले होते. घरात काका आणि मासे, एवढेच.

काका एका मोठ्या इस्पितळात वायरमन होते. उभ्या नोकरीत त्यांचं एकच तत्त्व: मध्ये काही नको. मध्ये जितक्या डब्या, तितक्या भानगडी. एखादा दिवा रुसला की मधलं सगळं उपटायचं आणि लाइन थेट जोडायची. वॉर्डातला दिवा रात्रंदिवस जळलाच पाहिजे, विझला तर नर्सेस डोक्यावर बसत. तिथेच त्यांचं नाव पडलं डायरेक्टकाका, आणि खरं सांगायचं तर त्या नावाचा त्यांना अभिमान होता.

पण घरातली गोष्ट वेगळी. मागे त्यांनी गीझर असाच डायरेक्ट केला होता आणि सुनेचा हात भाजता भाजता वाचला. तेव्हा मुलाने निर्वाणीचं सांगितलं होतं, “बाबा, पाया पडतो, या घरात पुन्हा विजेला हात लावायचा नाही.” काकांनी शब्द दिला होता. कानाला खडा लावला होता.

आणि मग ही दोघं गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी टाकीवरचा दिवा लागला नाही. काकांचे हात शिवशिवायला लागले. बघू तर खरं, म्हणता म्हणता डबी कापली गेली, जोड बसला आणि पाणी लख्ख उजळलं! काय आनंद झाला म्हणून सांगू! सून रोज ठरावीक तासच दिवा ठेवायची. काकांना वाटलं, टाकीतल्या बिचाऱ्या झाडांना अर्धपोटी ठेवते ही पोरगी. आता घ्या पोटभर. त्यांनी दिवा एकदाही विझवला नाही. काचेवर हिरवं दिसायला लागलं तेव्हा तर स्वतःवरच खूश झाले. झाडं जोमात आहेत!

झाडं नव्हती ती, शेवाळ होतं. सून परत आली तेव्हा पाणी पालक उकळल्यासारखं झालं होतं. तीन वर्षं चिमट्याने एकेक रोप लावून तिने पाण्याखाली बाग केली होती. त्या बागेच्या पानापानावर हिरवे केस चढले होते. मासे तेवढे वाचले, ते आता बादलीत होते.

“मी विचारतोय, कोणी केलं?” मुलगा काकांकडे वळायला लागला.

“मी,” सून म्हणाली.

“तू?”

“निघायच्या आदल्या दिवशी बंद पडला होता. घाईत होते, दिला जोडून.”

“अगं, तुला प्लग लावता येत नाही नीट, आणि वायर जोडायला निघालीस? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? आग लागली असती म्हणजे? बाबा एकटे होते घरात!”

तिने मान खाली घातली. मुलगा पाय आपटत आंघोळीला गेला, तेव्हा कुठे काका उठून तिच्याजवळ गेले.

“का गं खोटं बोललीस?”

“झाडं काय, परत लावता येतील, बाबा. तुमचं दोघांचं पुन्हा वाजलं तर मला नाही सहन होणार. मागच्या वेळी महिनाभर बोलत नव्हतात एकमेकांशी.” तिने बाही वर केली. “आता काही बोलू नका. मिटलं.”

मिटलं म्हटल्यावर काकांना सुटल्यासारखं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं, याचीच त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. सून काच खरवडत होती, सडलेली रोपं मुळांसकट उपटून काढत होती. “मी मदत करू का?” एवढंसुद्धा त्यांच्या तोंडून निघेना.

संध्याकाळी मुलगा फोनवर मेव्हण्याशी बोलत होता. “तुझी बहीण इंजिनियर झालीये रे! वायरी जोडते! तळं केलंय घराचं, ये बघायला.” तो खदाखदा हसला. ती पोळ्या लाटत होती, तीही हसली. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्यासी वर हसतोय. काकांना ते ऐकवेना.

“फोन ठेव,” ते म्हणाले. “तिने नाही, मी केलं. तिने मला झाकलं.”

लाटणं थांबलं. मुलाने फोन ठेवला. काका तयारीतच होते. आता हा ओरडणार, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणणार, गीझरचा विषय काढणार. ओरड म्हणावं, सकाळी तिला ओरडलास त्याच्या दुप्पट ओरड.

मुलाने जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“असू दे, बाबा,” तो हळू आवाजात म्हणाला. “होतं असं या वयात. जेवून घ्या.”

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते जेवले, पण काय जेवले ते त्यांना कळलं नाही. त्यानंतर बल्ब गेला, पंखा कुरकुरला, तरी त्या घरात त्यांना कोणी रागावलं नाही, ‘हात लावू नका’ असंसुद्धा म्हटलं नाही.

टाकीसाठी नवा दिवा आला तो एका रविवारी. सुनेने टाकी पुन्हा मांडली होती, तळाशी बोटाएवढी चार रोपं. मुलगा स्टुलावर चढून पट्टी बसवू लागला. एक स्क्रू तिरका गेला. काकांनी पाहिलं आणि हात पाठीमागे बांधून घेतले.

“झालं!” मुलगा खाली उतरला. “बाबा, या. बटण तुम्ही दाबा.”

लहान मुलाकडून नारळ फोडून घ्यावा तसा तो प्रेमाने बोलावत होता. सून एकदम भिंतीकडे बघायला लागली. काका उठले, हात सदऱ्याला कोरडे पुसले आणि बटण दाबलं. पाणी उजळलं. मुलाने टाळी वाजवली.

“बंद किती वाजता करायचा?” काकांनी विचारलं.

“तो आपोआप होतो, बाबा, डबी आतच आहे,” सून हळूच म्हणाली.

“हो का,” काका म्हणाले, आणि दिवा आपोआप विझेपर्यंत टाकीसमोर बसून राहिले.