जुन्या दुमडीची खूण

गल्लीत तिला सगळे 'फुलबाही काकू' म्हणत. भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या आणि गळा बंद. लोकांचे कपडे अंगाबरोबर बेतणारी ही बाई स्वतः मात्र गोणीत शिरल्यासारखी दिसायची. खांद्यापासून कोपरापर्यंत कोड होतं, हे फक्त घरच्यांना ठाऊक. कपडे बदलताना ती दिवासुद्धा लावत नसे. "दिसलं की संपलं," म्हणायची. काय संपलं, ते तिने कधी धड सांगितलं नाही.

लेकीला कोड येऊ नये, एवढी एकच भीती तिचा जीव खात असे. लहानपणी अंघोळ घालताना ती पोरीचं अंग रोज न्याहाळायची. पोर मोठी झाली, आतून कडी लावू लागली आणि ते न्याहाळणं बंद पडलं.

मग लेकीची भुणभुण सुरू झाली. "आई, बाही आखूड होते. जरा सोड ना." शिंपिणीच्या डोक्यात दुसरं काय येणार? पोर वाढतेय! तिने कौतुकाने दुमड उसवली. काही दिवसांनी पुन्हा तेच. "ताडमाड होणार बघा आमची," ती शेजारणीला म्हणाली. माप मात्र घेतलं नाही. लोकांची मापं घेण्यात जन्म गेलेली बाई, घरच्यांचे कपडे नजरेनेच बेतायची.

सोडायला दुमडच उरली नाही, तेव्हा एका दुपारी बाहीला पट्टी जोडायला तिने लेकीला समोर उभं केलं. कापडावर जुन्या दुमडीची खूण अजून होती. ती बरोबर मनगटावर येत होती. हात सूतभरही वाढला नव्हता.

लेक मागे सरकली, तशी आईनेच तिची बाही ओढून वर केली. मनगटाजवळ बटणाएवढा पांढरा डाग, आणि भोवती सोलवटलेली लालभडक कातडी.

"घासते मी. भांड्यांच्या काथ्याने," लेक म्हणाली. "बाबांना सांगू नकोस हं. दिसलं की संपलं ना?"

आईला रडू फुटलं. तिने कात्री उचलली आणि स्वतःच्याच बाहीला खांद्यापाशी लावली. "आजपासून मी नाही लपवणार. तूही नाही."

कापड दोन बोटं फाटलं असेल, तोच दारातून गिऱ्हाइकाची हाक आली. "काकू, आहात का?"

कात्री खाली पडली. आईचा हात झटकन त्या फटीवर गेला.

लेक बघत होती. तिने आपली बाही निमूट खाली ओढली. मग डबीतून टाचणी काढून आईचा हात बाजूला केला आणि ती फट नीट मिटवून दिली.

"जा आता," ती हळूच म्हणाली. "नाही दिसत."