भुरूची भीती

"मावशे, तुजा कुत्रा मरनार एक दिस," लडकू कुंपणापलीकडून ओरडला. "आजपन डंपरखाली येता येता वाचला."

"तुज्या जिभंला काय हाड?" बायजाबाई उसळली. "तुमच्या खदानीला सांग जा गप बसायला!"

लडकू आमच्या शेलार गावाजवळच्या दगडखाणीत कामाला. दुपारी बाराला तिथं सुरुंगाचा बार उडे. त्याआधी माणसं दूर व्हावीत म्हणून लडकू पत्र्याचा डबा बडवत फिरे. डबा ऐकला की बायजाबाईचा भुरू, मांजराएवढं कुत्रं, लटलट कापायचा आणि बार झाला की पळत सुटायचा, तो थेट हमरस्त्यावर. बांधून ठेवावा तर दगड उडून अंगणात पडत. मागच्याच महिन्यात एकानं कौलं फोडली होती. बांधलेला जीव पळणार कुठं?

त्यात भुरू तिच्या लेकीचा. लग्न होऊन कशेळीला जाताना शैलानं तो आईच्या पदरात टाकला होता. "आये, याला जप," एवढंच बोलली होती पोर.

बायजाबाई हट्टी. दुसऱ्या दिवसापासून डबा वाजला रे वाजला की ती भुरूपुढं भाजलेल्या बोंबलाचा तुकडा धरू लागली. आठ दिवस त्यानं हुंगलासुद्धा नाही. मग बाजेखालूनच खाऊ लागला. महिन्याभरात डबा वाजला की उंबऱ्यावर हजर, आणि बार झाला तरी कान हलेना. बाईनं आळीभर मिरवलं. आम्हीही कौतुक केलं, आमची अक्कल तेवढीच.

पौषात वाल काढणीला आले. एका दुपारी तिला मळ्यात उशीर झाला आणि डबा वाजला. घरी बोंबील द्यायला कोणी नाही. भुरू निघाला आवाजाच्या दिशेनं. बांधावरून तिला दिसलं तेव्हा तो खाणीत उतरत होता. खाली वात पेटलेली.

"भुरू! अरं भुरू!" ती धावली. खाणीच्या कडेला रोवलेल्या लाल निशाणापाशी लडकूनं तिचा दंड धरला.

"जाशील तर दोगं मराल!"

"सोड मेल्या! लेकीला काय तोंड दावू?"

लडकूनं तिला दगडाआड ओढलं आणि पुन्हा डबा बडवायला लागला. भुरू थबकला, वळला, चढ चढून त्यांच्यापाशी पोचला आणि जमीन हादरली. धूळ बसली तेव्हा तो लडकूचे हात हुंगत होता, बोंबील शोधत.

"याचा भ्याव परत आन," लडकू म्हणाला. "रस्त्यावर कोनी तरी ब्रेक मारतं. सुरुंगाला ब्रेक न्हाय."

"आनू कसा?"



दुसऱ्या दिवशी बाराला डबा वाजला. भुरू शेपूट हलवत उंबऱ्यावर येऊन बसला. बायजाबाई आतून आली. हातात निरगुडीचा ओला फोक होता. डोळे पुसून तिनं तो उगारला.

पहिल्या फटक्याला भुरू पळाला नाही. भिऊन तो तिच्याच पायांत शिरला. मग तिनं दुसरा मारला.