दवाखान्याची वायर

नवापूरकडची एस्तेर कामाला वाघीण, पण मशीनमधल्या माहितीची कॉपी काढून ठेवायचा तिला भारी कंटाळा. अक्कलकुव्याच्या नर्सिंग कॉलेजची कम्प्युटर लॅब ती एकटीच सांभाळायची. पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपुढे बसायचं, नवी सिस्टीम टाकायची, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शेवटी वैतागून तिने कोपऱ्यात एक सर्व्हर मांडला. आता मशीन सुरू झालं की आधी वायरीवरून सर्व्हरला विचारणार आणि सर्व्हर त्याची डिस्क पुसून नवी सिस्टीम टाकणार. ‘टाकू का?’ असं विचारणारी पाटीसुद्धा तिने बंद करून टाकली. कोण बसतंय बटणं दाबत!

इथे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून सगळी मशीनं तिने अशी लावली होती, की लाइट परत आली की आपोआप सुरू व्हावीत. त्या दुपारी सर्व्हर तयार झाला आणि लाइट गेली. सर्व्हर इन्व्हर्टरवर चालू राहिला, एस्तेरने निवांत डबा खाल्ला. लाइट आली तशी सगळी लॅब एकदम घुरघुरली, पडद्यांवर पांढरी अक्षरं धावायला लागली. बाई खूश!

मग तिने सर्व्हरच्या पडद्याकडे पाहिलं. लॅबच्या मशीनांखाली आणखी एक नाव होतं: दवाखाना.

आवारातल्या दवाखान्याचं मशीन मागे बिघडलं, तेव्हा तिनेच लॅबमधलं एक उचलून तिकडे दिलं होतं, लॅबच्या सगळ्या सवयींसकट. वायरही लॅबमधूनच गेली होती. दवाखान्याच्या नर्स तुळशीबाई मोलगीकडच्या पाड्यांवर जीपने, पुढे पायी फिरल्या होत्या, पोरांचं रक्त आणून सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी तपासलं होतं. कोणाला आजार आहे, कोणाला नाही, ते सगळं त्या एका मशीनमध्ये होतं, आणि त्याची कॉपी एस्तेरने कधी काढलीच नव्हती.

एस्तेर धावत सुटली. तोंडाने येशूचा धावा चालला होता. दवाखान्याला कुलूप. वायर लॅबमध्येच उपटायला हवी होती, हे त्या शहाणीला दाराशी पोचल्यावर सुचलं. पण उपटून तरी काय होणार होतं? खिडकीच्या गजांतून पडदा दिसत होता. डिस्क केव्हाच पुसून झाली होती, नवी सिस्टीम उतरत होती. ती गज धरून तशीच उभी राहिली.

तुळशीबाई जेवून आल्या, त्यांच्या मागोमाग मोलगीकडची माणसं पोरांना घेऊन ओट्यावर येऊन बसली. बाईंनी कुलूप काढलं. कोरा, स्वच्छ पडदा बघून त्या खुलल्याच.

“आते कसं चोख दिसी ऱ्हायनं! एस्तेर, मोलगीना पोरेस्ना रिपोर्ट काढ. मायबाप बाहेर बसेल शेतस.”

लाइटीमुळे झालं म्हणून सांगता आलं असतं. लाइटीच्या नावावर इथे काहीही खपतं. एस्तेरच्या जिभेवर ते आलंही होतं, पण बाईंचा चेहरा बघून तिची हिंमत झाली नाही.

“बाई, त्यातलं सगळं पुसलं गेलं. माझ्या हातून गेलं.”

तुळशीबाई थोडा वेळ उगाच माउस हलवत बसल्या. मग उठून त्यांनी कपाटातून सुयांचा डबा काढला आणि कापूस एस्तेरच्या हातात दिला.

“पोरेस्ले तूच धर,” त्या म्हणाल्या.

ओट्यावर रमिलाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे सांधे दुखायचे, म्हणून ती एवढ्या लांबून आली होती. सुई दिसताच आईचा चेहरा पांढरा पडला. रक्त पुन्हा घेतायत म्हणजे पोरीत काहीतरी निघालं, असं धरून ती रडायलाच लागली. अगं, तसं काही निघालं नाही, असं सांगायला एस्तेरने तोंड उघडलं. पण ते तरी आता कोणाला माहीत होतं?