सरांचा राजीनामा

लोम्बेला ढिगाऱ्याखालून काढलं तेव्हा ओळख पटवायला त्याच्या बहिणीला, मुटालेला, बोलावलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिनं पायाच्या वाकड्या करंगळीवरून भाऊ ओळखला.

किट्वे शहराजवळच्या तांब्याच्या खाणीत लोम्बे इलेक्ट्रिशियन होता. कायमची नोकरी, कंपनीचं घर, डोक्याला कसला ताप नाही. एका रविवारी तो यशाचे मंत्र शिकवणाऱ्या कोच मुसोंडाच्या व्याख्यानाला गेला आणि अंगात आल्यासारखा परत आला. "याया," तो म्हणाला; थोरल्या बहिणीला तो तसंच हाक मारायचा. "पगार म्हणजे साखळी गं. किनारा सोडल्याशिवाय माणूस पोहत नाही, कोच म्हणतात."

"बुडतो मात्र," मुटाले म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. नोकरी सोडून कोंबड्या पाळल्या, त्या रोगानं मेल्या. खाणीनं परत दारात उभं केलं नाही. मग खाणीबाहेरच्या, तांबं गाळून उरलेल्या काळ्या मळीच्या डोंगरात चोरून तांबं उकरणाऱ्या टोळीबरोबर तो जायला लागला, आणि एका दुपारी तो डोंगर त्याच्यावर कोसळला.

माती दिल्यावर मुटाले कोचच्या ऑफिसात गेली. का गेली, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्याला वाईट वाटलेलं बघायचं होतं बहुतेक.

"फार वाईट झालं, बाई," मुसोंडा म्हणाला. बोलताना तो टाय नीट करत होता. "पण खरं सांगू का? त्याचा विश्वास कमी पडला. मन छोटं असलं की असंच होतं. तुम्ही या ना पुढच्या कार्यक्रमाला, तुमच्याकडून काही घेणार नाही."

त्या क्षणी मुटालेचं रडणं आटलं.

काही महिन्यांनी ती पुन्हा त्याच ऑफिसात गेली. डोक्यावर नवा विग, ओठांना लाली. मुसोंडाला कार्यक्रमांची व्यवस्था बघायला माणूस हवा होता, आणि मुटालेनं लग्नाच्या हॉलमध्ये अनेक वर्षं तेच काम केलं होतं. त्यानं तिला ओळखलं नाही. लगेच नोकरीवर ठेवलं.

आठवडा झाला नसेल, तोच तिला कळलं. सोमवार ते शुक्रवार कोच सकाळी गायब असायचा, कारण कोच नगरपालिकेच्या पाणीखात्यात कायम कारकून होता. टाय खिशात, डोक्याला टोपी, मागच्या दारानं आत. पेन्शन पक्की. रविवारी स्टेजवर गरजायचा, 'सोडा नोकरी!' आणि सोमवारी मस्टरवर सही.

"सर, तुम्ही किनारा कधी सोडणार?" तिनं एकदा भाबडा चेहरा करून विचारलं.

तो खो खो हसला. "अगं, ते लोकांसाठी असतं!"

ती त्या रात्री झोपली नाही. सकाळी उठली तेव्हा काय करायचं ते पक्कं झालं होतं. खोटं बोलायची गरजच नव्हती. त्याचंच बोलणं त्याला खाऊ घालायचं.

ती त्याच्यावर विश्वास ठेवायला लागली. इतका विश्वास त्याच्यावर कुणीच कधी ठेवला नव्हता. त्याच्या आईनंही नाही. "सर, तुमचा आवाज अख्ख्या देशासाठी आहे, आणि तुम्ही नळाच्या तक्रारी लिहिताय?" ती हळहळायची. त्याची छाती जराशी फुगायची.

राजधानी लुसाकातला मोठा हॉल घ्यायची कल्पनाही तिचीच. हिशोब बघणारा मेहुणा म्हणाला, "भावजी, वेड लागलंय का? तिथं तुम्हाला कुत्रं ओळखत नाही."

"सर, 'नाही' म्हणणाऱ्या माणसांबद्दल तुम्ही काय शिकवता?" मुटालेनं हळूच विचारलं.

मेहुण्याला काढलं. मग त्यानं नोकरी सोडायची ठरवली, तशी बायको आडवी आली. बुपे नर्स होती, बोलायला फटकळ. "राजीनामा दिलास तर पोरांना घेऊन कासामाला आईकडे जाईन," ती म्हणाली.

"तू माझ्या पायातला दगड आहेस," मुसोंडा म्हणाला. वाक्य त्याच्याच व्याख्यानातलं. बुपे खरंच गेली. मुसोंडानं राजीनामा दिला, आणि साहेबाच्या टेबलावर तो ठेवताना मुटालेला फोन करून आवाज ऐकवला. "ऐकलंस? साखळी तुटली!"

"ऐकलं, सर," ती म्हणाली. तिच्या अंगावर सुखाचा काटा आला.

लुसाकात असे कोच गल्लोगल्ली होते. त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये पुढच्या दोन रांगाही भरल्या नाहीत. भाषण उरकून मुसोंडा स्टेजच्या कडेला बसला. कोट घामानं भिजला होता. लोक गेले.

"माझं काय चुकलं, मुटाले?"

"लोम्बे आठवतो?" ती त्याच्यासमोर उभी राहिली. "खाणीतला. माझा भाऊ. त्याचं मन छोटं होतं म्हणालात तुम्ही."

मुसोंडानं डोळे बारीक केले. त्याला खरंच आठवेना. "कोण लोम्बे?"

तिनं सगळं सांगितलं. कोंबड्या, डोंगर, वाकडी करंगळी. विग का घातला तेही. त्याचा चेहरा उतरला. आणि मग, हळूहळू, त्याच्या डोळ्यांत जुनी चमक परत आली.

"म्हणजे मी सगळं गमावलं," तो पुटपुटला. "नोकरी, बायको... अगं, हीच तर गोष्ट लोकांना हवी असते! राखेतून उठलेला माणूस!"

मुटाले जायला वळली. "बोला तुम्ही," ती म्हणाली. "मी येईन ऐकायला."

चिंगोलातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये त्यानं सुरुवात केली. "मित्रांनो, मी सगळं गमावलं होतं..." पहिल्या रांगेतून मुटाले उठली. "लोम्बे म्वांसा," एवढंच मोठ्यानं म्हणाली आणि खाली बसली. तो अडखळला. पुन्हा धागा पकडला. ती पुन्हा उठली. "लोम्बे म्वांसा." लोक कुजबुजायला लागले. "कोण हो हा लोम्बे?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं. मुसोंडानं पाण्याचा ग्लास उचलला. उत्तर मुटालेनं दिलं, सगळ्यांदेखत, सविस्तर.

मुफुलिराच्या कार्यक्रमातही तेच झालं.

एका संध्याकाळी बुपेचा फोन आला. "तू मुद्दाम केलंस ना?"

"हो."

"त्याला बुडवलंस, बरं केलंस. त्याची दया मला येत नाही. पण माझी पोरं बापाच्या नावानं रडतात. त्यांनी तुझ्या भावाचं काय केलं होतं?"

फोन बंद झाल्यावरही मुटाले तो कानाला लावून बसली होती.

पुढच्या रविवारी मात्र ती लुआन्श्याच्या कार्यक्रमाला गेलीच. पहिल्या रांगेत बसली. मुसोंडानं पडद्याआडून डोकावून पाहिलं, दोघांची नजरानजर झाली, आणि पडदा मिटला. लोकांनी बराच वेळ वाट बघितली. कुणीतरी भजन सुरू केलं, तेही विरलं. मग माणसं खुर्च्या सरकवत, शिव्या देत घरी गेली. रखवालदारानं पंखे बंद केले तरी मुटाले बसूनच होती, रिकाम्या स्टेजकडे बघत.