सहाव्या ध्येयातली हापशी

मित्रांनो, मी फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरची हापशी. जुनी आहे, हे सांगायला नको. माझी कुरकुर शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाते. पहिलं पाणी काढलं तेव्हा बायांनी मला कुंकू लावलं होतं. पुढे ओटा फुटला, शेळ्या अंग घासू लागल्या, पण विचारायला कोणी आलं नाही. मी पाणी देत राहिले.

म्हणून परवा सरपंच नेमसिंग निळ्या रंगाचा डबा घेऊन आले, तेव्हा मला संशय आला. हापशीला विनाकारण कोणी सजवत नाही.

कारण लवकरच कळलं. जगाने म्हणे सतरा ध्येयं ठरवली आहेत. त्यातलं सहावं, स्वच्छ पाण्याचं, आमच्या तांड्यावर पूर्ण झालं की नाही हे पाहायला पथक येणार होतं. घरोघरी नळ लागले होते. त्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं होतं.

नेमसिंगांनी माझा दांडा काढून नेला आणि माझ्या गळ्यात पाटी अडकवली : 'येथून पूर्वी पाणी भरत असत.' म्हाताऱ्या जमनीयाडीने (आमच्याकडे आईला याडी म्हणतात) त्याच सकाळी घागर भरून नेली होती. पूर्वी म्हणजे बहुधा न्याहारीपूर्वी.

मला धास्ती वाटली. पथकाने मान डोलावली, तर दांडा भंगारात जाणार आणि दुखऱ्या गुडघ्यांची जमनीयाडी नाल्यापलीकडच्या विहिरीवर.

पथक आलं. मोठ्या मॅडम खाटेवर टेकल्या. आमच्याकडे पाहुणा टेकला की आधी पाणी, मग बोलणं. पाहुणा कोरड्या घशाने गेला तर तांड्याची मान खाली. नेमसिंगांच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

"याडी, पाहुण्यायले पाणी आण वं!"

"आणतो ना बापा. दांडा कुठी लपवला, तेवढं सांग."

"नळाचं दे!"

"नळ तं हवाच देऊन राह्यला. हवा देऊ का तांब्यात?"

बाया पदरात हसल्या. मॅडमनी विचारलं, "आजी, कोणता दांडा?"

मॅडमनी कपाळाचा घाम पुसला. नेमसिंगांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या तांब्याकडे. मग मुकाट्याने पंचायतीत गेले, दांडा आणला, बसवला आणि स्वतः हापसू लागले. मॅडम घटाघट प्यायल्या.

"पाणी गोड आहे," त्या म्हणाल्या. "ध्येय मात्र अपूर्ण."

नेमसिंग जमनीयाडीशी अजून बोलत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्यापुढे पहिली घागर त्यांच्याच घरची होती.

मित्रांनो, माझा सतरा ध्येयांवर राग नाही. पण आपल्या गावात एखादं ध्येय पूर्ण झालं असं कानावर आलं, तर टाळी वाजवण्याआधी तिथे तांब्याभर पाणी मागून बघा. आणि जाता जाता माझं एक काम करा. पाणी ओढणारं माझं वायसर झिजलंय, ते बदलायला सांगा. ते काही जग येऊन बदलणार नाही.